कुटुंब ग्रुप : २८ तारखेच्या प्रार्थनेला पुढं कोण उभं राहणार?

दादा (परभणी): सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. २८ डिसेंबरला जालन्यात मोठ्या काकांकडं जमायचं हे ठरलंय. प्रार्थना कोण चालवणार तेवढं राहिलंय. आमच्या फेलोशिपच्या पास्टरांना मी विचारून ठेवलंय, ते यायला तयार आहेत.

काकू (जालना): आपलं घर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या प्रोटेस्टंट चर्चचं. तुझ्या आजोबांपासून आपल्या मंडळीचेच पाळक येतात. आताच कामून बदलायचं?

दादा: काकू, राग मानू नका. पण बायबलचं वचन उलगडून सांगणारं कुणीतरी पाहिजे. नुसती पुस्तकातली उपासना वाचून लेकरांच्या हाती काय लागतं?

वहिनी (संभाजीनगर): मागच्या वेळी आम्ही नाताळचा गोठा, येशूच्या जन्माचा देखावा, मांडला तर "ह्या मूर्ती कशाला" असं कुणीतरी म्हणलं. लेकरांना फार लागलं ते. आम्ही कॅथलिक म्हणजे परके का? यंदा न आलेलंच बरं असं वाटायलंय.

ताई (पुणे): वहिनी, असं नका ना म्हणू. तुम्ही नाही तर मीही येत नाही.

आत्या (अंबड): सकाळपासून सगळं वाचायलेय. मला जरा लांब लिहायचंय, शेवटपर्यंत वाचा.

बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असून त्यानं दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसण्याइतका तो आज्ञाधारक झाला. पण प्रेषित पौलानं हे कुणाला आणि कशासाठी लिहिलं ते बघा. तो कैदेत होता आणि तिकडं फिलिप्पैच्या ख्रिस्ती मंडळीत बेबनाव होता. चौथ्या अध्यायात तो दोन बायांची नावं घेऊन विनवतो, युवदीया आणि सुंतुखे, तुम्ही एकचित्त व्हा. दोघीही सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर झटलेल्या. त्यांच्यात कुणाचं बरोबर होतं हे पौल सांगतच नाही! मला हे फार मोठं वाटतं. तट पाडू नका, दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, इतकं म्हणून तो थेट ख्रिस्ताच्या देहधारणाकडं वळतो. देव माणूस झाला ही गोष्ट त्यानं आपसात न पटणाऱ्या माणसांपुढं ठेवली. आपल्यासारख्यांपुढं.

आणि नम्र होणं म्हणजे "मी कुणीच नाही" म्हणणं, असं आपण धरून चालतो. ख्रिस्ताला ते लागूच पडत नाही. तो खरोखर पित्याच्या बरोबरीचा होता. इ.स. ३२५ मध्ये निकीयाला जमलेल्या बिशपांनी हेच ठामपणे सांगितलं, आणि निकीयाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, वहिनीच्या चर्चमध्येही म्हणतात, आपल्याही. हक्क त्याचा होता, तो त्यानं धरून ठेवला नाही. बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं. मंदिरात अर्पणाला पाखरांची जोडी दिली, नियमशास्त्रात ती सोय कोकरू न परवडणाऱ्यांसाठी होती. येशूच्या गावाचं, नासरेथचं, नाव ऐकून नथनेल नावाच्या माणसानं विचारलं, तिथून काही चांगलं निघेल का? योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. आपण पित्याकडून आलोय आणि सगळं आपल्या हाती दिलंय हे पूर्ण ठाऊक असताना तो जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. त्याला धरून देणारा यहूदा तेव्हा तिथंच होता.

म्हणून मी काकूला चूक म्हणणार नाही आणि दादालाही नाही. काकूचा मान खरा आहे. दादाची वचनाची तळमळ खरी आहे. आपलं आहे तेच तर सोडायचं असतं. जे आपलं नव्हतंच ते सोडण्यात कसली नम्रता?

दादा: आत्या, हे पटतं. पण बाप्तिस्म्याचं काय? मी मोठेपणी विश्वास धरून घेतला. तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा मला मान्य नाही. एकी पाहिजे म्हणून मी ते गिळून टाकू का?

मोठे काका (जालना): गिळू नको. माझं ऐक. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय झाली तेव्हा सहा परंपरा एकत्र आल्या. त्यात मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते आणि लेकरांनाही देणारे अँग्लिकनही. तुझा आहे तोच प्रश्न त्यांच्यापुढं होता. त्यांनी दोन्ही रीती राहू दिल्या, लेकराचाही बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून घेतलेलाही. बोलणी १९२९ पासून चालू होती. इतकी वर्षं माणसं एकमेकांचं ऐकत बसली म्हणून ते झालं, आणि तरी मेथडिस्टांची मोठी मंडळी बाहेर राहिलीच. एकी अशी हळूच होते.

आपल्या जालन्याचंच घे. रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथं त्यांच्याबरोबर आलेली बरीचशी माणसं मांग आणि महार समाजातली. ज्या काळात सावलीचाही विटाळ मानत त्या काळात ते त्यांच्यात राहिले. देहधारणाचा अर्थ मला तिथं दिसतो. आणि आज आपल्यातलीच माणसं सोयरीक जुळवताना मूळ जात विचारतात. ह्याचं मला प्रार्थना कोण चालवणार ह्यापेक्षा जास्त दुःख आहे.

ताई: काका, हे २८ ला सगळ्यांसमोर बोला. माझ्या लग्नाच्या वेळी हे झालंय.

मोठे काका: बोलतो.

वहिनी: एक अडचण सांगते. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, ठेवलं तर आम्हाला घेता येणार नाही. आमच्या चर्चची शिकवण तशी आहे, मला ती मोडायची नाही. लेकरांना एका बाजूला बसवून ठेवणंही जिवावर येतं.

आत्या: बरं झालं बोललीस. मग त्या दिवशी प्रभुभोजन नको. सगळे एक व्हावेत म्हणून येशूनं योहान १७ मध्ये प्रार्थना केली, ती अजून पुरती फळाला आलेली नाही. जे तुटलेलं आहे ते जुळल्यासारखं दाखवू नये. वाचन, गाणी, प्रार्थना आणि जेवण ह्यात तर कुणाची आडकाठी नाही ना? आणि १८ ते २५ जानेवारीचा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह कॅथलिकही पाळतात, आपणही. त्यातल्या एका संध्याकाळी आपण सगळे वहिनीकडं जाऊ.

काकू: दादा, तुझ्या पास्टरांना येऊ दे. संदेश ते देतील. मी आपल्या पाळकांशी बोलते, ते आशीर्वाद देतील. त्यांना वाईट वाटणार नाही, आणि वाटलंच तर मी समजावीन.

दादा: काकू, उलट करू. संदेश पाळकांनीच द्यावा. मी पास्टरांना पाहुणे म्हणून आणतो, ते फक्त प्रार्थना करतील. वहिनी, येशूच्या जन्माचा लूकाचा दुसरा अध्याय तुमच्या थोरल्यानं वाचावा. मागच्या वेळी गोठ्याबद्दल मीच बोललो होतो. लेकरांची माफी मी समोर येऊन मागतो. यंदा ओसरीत मांडू, तिथं लाईटचा पॉइंट आहे.

वहिनी: येतो आम्ही. गवत मात्र तिकडंच बघा, इथं मिळत नाही.

मोठे काका: कडबा आहे, त्यातला देतो.

काकू: दादा, पास्टर ज्वारीची भाकरी खातात का चपाती करायची, तेवढं विचारून कळव. आणि किती जण येणार तेही.