स्लावुतिच: पुनर्वसन की कामगार वसाहत?

गोदाकाठ
युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुकेंद्राच्या अपघातानंतर २७ एप्रिल १९८६ला शेजारचं कामगारांचं गाव प्रिप्यात रिकामं केलं. त्याऐवजी नीपर नदीच्या पलीकडे, अणुकेंद्रापासून सुमारे ५० किलोमीटरवर स्लावुतिच बांधलं. ऑक्टोबर १९८८मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. आदर्श पुनर्वसन म्हणून याचे गोडवे गातात. मला हे पटत नाही. प्रिप्यातमध्ये जवळपास ५०,००० लोक होते, स्लावुतिचमध्ये त्यांच्या निम्मेच मावले. घर मुख्यतः केंद्रात राबणाऱ्यांना, बाकीच्यांची सोय कीव्हमध्ये नि इतरत्र. अणुकेंद्रातल्या उरलेल्या तीन अणुभट्ट्या १९८७ संपेपर्यंत पुन्हा सुरू झाल्या होत्या, त्या चालवायला माणसं हाताशी हवी होती. याला पुनर्वसन म्हणायचं?

रेवती_क
सरकारचा हेतू तोच होता, मान्य. पण गाव नुसत्या हेतूवर उभं राहत नाही. आठ सोव्हिएत प्रजासत्ताकांतले कारागीर आले, आपापल्या धाटणीचे मोहल्ले बांधून गेले: तालिन, रीगा, विल्नियस, येरेवान, बाकू, तिबिलिसी. एरवी त्या काळच्या सोव्हिएत इमारती म्हणजे एकाच साच्यातले ठोकळे!
आणि मार्च २०२२ आठवा. रशियन सैनिक घुसले, महापौर युरी फोमिचेव्ह यांना धरलं. लोक चौकात जमले, हवेत गोळीबार झाला तरी हटले नाहीत. महापौरांना सोडावं लागलं. कंपनीच्या क्वार्टर्ससाठी कोणी असं उभं राहतं का?

गोदाकाठ
लोकांच्या हिमतीबद्दल वादच नाही. पण त्याच वेळी त्याच गावची एक शिफ्ट २४ फेब्रुवारीपासून २० मार्चपर्यंत रशियन पहाऱ्यात केंद्रातच अडकली होती. बदली पाठवायची कुठून? याच गावातून. सुटका नाहीच.

माळरान
मोहल्ल्यांचं कौतुक पुरे. कामावर जायची रेल्वे बेलारूसच्या हद्दीतून जायची, युद्ध सुरू झाल्यापासून ती बंद. आता कीव्हकडून शेकडो किलोमीटरचा वळसा. शेवटची भट्टी १५ डिसेंबर २०००ला थांबली, मग हा खटाटोप कशासाठी? लोकांना पैसे द्या, कीव्हमध्ये घरं द्या, मोकळे व्हा.

रेवती_क
भट्टी थांबली म्हणजे काम संपलं असं नाही हो. वापरलेलं इंधन सांभाळायचंय. अपघात झालेल्या चौथ्या भट्टीवरच्या नव्या पोलादी कमानीला फेब्रुवारी २०२५मध्ये ड्रोनने भोक पाडलं, ते कोण बघणार? शिवाय तिथं जन्मलेली पिढी आता तिशी ओलांडून गेली. एकदा हलवलेल्यांना पुन्हा हलवायचं, ही कुठली दया?

गोदाकाठ
हलवा असं मी म्हटलेलं नाही, ते माळरान यांचं मत. माझा राग वेगळ्यांवर आहे. १९९५मध्ये जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने केंद्र बंद करण्याचा करार युक्रेनकडून करून घेतला. मग स्लावुतिचमध्ये विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं, पण केंद्राची जागा घेईल असा उद्योग आला नाही. भट्टी बंद करायची तारीख ठरवणाऱ्यांनी या पंचवीसेक हजार लोकांच्या पोटापाण्याचं आधी ठरवायला हवं होतं.

माळरान
जी-७वर किती दिवस खापर फोडणार? २००० नंतर कीव्हमधल्या सरकारांनी काय केलं, तेही मांडा की.