१९४० फोर्ड कूपे: कॉलमवरचा गिअर काढून फ्लोअर शिफ्टर बसवायचाय, सल्ला द्या

खडखड_कूपे (मिशिगन)
मंडळी नमस्कार. गाडी १९४० ची फोर्ड कूपे, बॉडी तेवढी फोर्डची बाकी आत शेव्हीचं (जीएमचं) ३५० स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन आणि मागे जीएमचाच टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने असाच हॉट रॉड (जुन्या बॉडीत दमदार इंजिन घातलेली गाडी) करून ठेवलेला. स्टेअरिंग कॉलम जीएमचा टिल्टवाला (स्टेअरिंग वर-खाली कलतं तो), सत्तरीतल्या कुठल्या तरी गाडीतनं काढलेला, इग्निशनची किल्ली पण कॉलमवरच, आणि गिअरची दांडी पण. त्या दांडीपासून ट्रान्समिशनपर्यंतचं लिंकेज (जोडदांड्या) एक्झॉस्टच्या हेडरला, म्हणजे इंजिनमधनं निघणाऱ्या गरम पाइपांना, वळसा घालून जातं, बुश सगळे झिजलेत, पार्कमध्ये टाकली तरी कधीकधी पार्क आणि रिव्हर्सच्या मधेच लटकते. म्हटलं आता जाऊदे, फ्लोअर शिफ्टरच बसवू, दिसतो पण भारी.
प्रश्न असे की गिअरबॉक्सवरच बसणारा घ्यावा की फ्लोअरला बोल्ट होणारा केबलवाला? सीट बेंच आहे, मग पत्र्याला भोक नेमकं कुठे पाडायचं? आणि कॉलमवरची जुनी दांडी काढून टाकली की झालं ना, की अजून काही लफडं असतं? ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळा) न्यायचीय.

तेलकट_हात (ओहायो)
सगळ्यात आधी, ती पार्क-रिव्हर्सच्या मधे लटकते म्हणतोस ना, तोवर गाडी चालू ठेवून खाली उतरू नकोस राव. हे फार वाईट प्रकरण आहे. गाडी पार्कमध्ये वाटते, माणूस गेट उघडायला उतरतो आणि ती आपोआप रिव्हर्सला सरकते. सत्तरीत फोर्डच्या ऑटोमॅटिक गाड्यांवर याच्यावरून एवढा गदारोळ झाला की १९८० मध्ये सरकारशी तडजोड होऊन दोन कोटींहून जास्त मालकांना डॅशबोर्डला लावायची इशाऱ्याची स्टिकरं पाठवावी लागली. तुझा गिअरबॉक्स जीएमचा आहे पण अर्धवट लागलेला पार्क कुठल्याही कंपनीचा असो, घातकच.
आता शिफ्टर. मी गिअरबॉक्सवर बसणाराच सांगेन, लोकर (Lokar) वगैरे कंपन्यांचे येतात तसा. टेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या मागच्या भागाच्या) बोल्टलाच ब्रॅकेट लागतं, इंजिन रबर माउंटवर हललं तर शिफ्टरही सोबतच हलतो त्यामुळे गिअर जागचा सरकत नाही, आणि तिथून सिलेक्टर शाफ्टपर्यंत हातभर सुद्धा रॉड लागत नाही. केबलवाला वाईट नाही, पण केबलला टाइट वळण चालत नाही आणि हेडरपासून लांब ठेवावी लागते, तुझ्याकडे आधीच हेडरची अडचण आहे म्हणतोस. किट मागवायच्या आधी खाली झोपून ऑइल पॅनचे बोल्ट मोज. १३ असले तर टर्बो ३५० असू शकतो (४०० ला पण १३ च, पण पॅनचा आकार वेगळा, एकदम वेडावाकडा), १६ निघाले तर तो बहुतेक ७००आर४, त्याला पुढचे गिअर चार म्हणून खाचा एक जास्त, शिफ्टर पण वेगळा. आधीच्या मालकाच्या तोंडी माहितीवर पैसे घालू नकोस.
भोकाचं सांगतो. सीट पूर्ण पुढे घे, तुझ्या घरात सगळ्यात बुटकं जे चालवणार असेल त्याच्या हिशोबाने. ब्रॅकेट आणि लिव्हर खालनं नुसतं तात्पुरतं बसव, टनेलचं (गिअरबॉक्सवरच्या फ्लोअरच्या उंचवट्याचं) कव्हर काढून. मग लिव्हर पार्कला ने, डॅशच्या खालच्या कडेला मूठ घासते का बघ, तशीच मागे १ वर ओढ, सीटला टेकते का बघ, बेंच सीटला बहुतेक वेळा इथेच अडतं. अडलं तर वाकवलेली लिव्हर मिळते ती घे, पत्रा कापून जागा वाढवत बसू नको. हे झालं की पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापून मगच होलसॉ चालव, आणि भोक लिव्हरपेक्षा चांगलं मोठं ठेव कारण इंजिनसोबत ती डावी-उजवीकडे डोलणार, रबरी बूट झाकेल सगळं.
ॲडजस्ट करताना लिव्हर पार्कला, ट्रान्समिशनपण पार्कला, आणि रॉडची लांबी अशी फिरव की पिन बोटाने आत गेली पाहिजे, हातोडी नाही. मग सहाही पोझिशनला (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, २, १) खालनं डिटेंटची, म्हणजे खाचेत बसल्याची, टक जाणवते का ते बघ. पार्क-रिव्हर्स बरोबर आणि २-१ ला पोचत नसेल तर रॉड नाही, आर्मवरचं भोक चुकलंय, प्रवास कमी पडतोय.

तीन_पेडल
एवढं करण्यापेक्षा ऑटोमॅटिकच काढून टाका की. फोर्डचा गिअर १९३९ पर्यंत फ्लोअरवरच होता, ४० साली कॉलमवर नेला, म्हणून तर जुने हॉट रॉडवाले ३९ चा गिअरबॉक्स शोधून ४० मध्ये घालायचे. तुमच्या ३५० मागे तो बिचारा टिकणार नाही, पण शेव्ही एस-१० पिकअपचा टी-५ मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतो, पाच गिअर, आणि त्याची लिव्हर मस्टँगच्या टी-५ पेक्षा बरीच पुढे येते, बेंच सीटला एकदम बरोबर. फ्लोअर शिफ्टर लावून डाव्या पायाला काम नसेल तर मजा काय 😄

खडखड_कूपे (मिशिगन)
तीनपेडल दादा, क्लच पेडल, फ्लायव्हील, बेलहाउसिंग, क्रॉसमेंबर सगळं बदलायचं म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टची गोष्ट झाली. आणि बायको पण चालवते ही गाडी. तेलकट, पॅनचे बोल्ट १३ च आहेत आणि आकार चौकोनी, एक कोपरा कापलेला. म्हणजे ३५०. कॉलमच्या दांडीचं मात्र कोणीच बोललं नाही?

स्पार्कप्लग_काका
तेच बोलायला आलो. शिफ्टर बसवणं हे दुपारभराचं काम, खरी डोकेदुखी कॉलम रिकामा करण्यात आहे. तुझा कॉलम किल्लीवाला, म्हणजे १९६९ किंवा त्यानंतरचा जीएम. त्यात गिअरची कॉलर (दांडीसोबत फिरणारं कॉलमवरचं कडं) पार्कला असल्याशिवाय किल्ली लॉकला जात नाही, अशी सोय आहे. आता दांडी आणि लिंकेज काढलंस की कॉलर मोकळी. मग कधी किल्लीच निघणार नाही, म्हणून लोक काय करतात, कॉलर पार्कमध्ये तार किंवा पट्टीने बांधून टाकतात. किल्ली निघायला लागते आणि सगळे खूश. पण आता ती अडवणारी गोष्टच गेली, म्हणजे चालत्या गाडीत कोणी किल्ली चुकून मागे फिरवली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. साठच्या स्पीडला. बांधायचं नाही म्हणजे नाही. कंपनीच्या फ्लोअर शिफ्टवाल्या कॅमारोला गिअरबॉक्सपासून परत कॉलरपर्यंत एक रॉड यायचा याच कारणासाठी, तसा बॅकड्राइव्ह बनव, नाहीतर बाजारात मिळतो तो फ्लोअर शिफ्टसाठीचा कॉलम घे आणि किल्ली डॅशला ने. मी दुसरं करीन.
दुसरं वायरिंग. न्यूट्रल सेफ्टी स्विच (पार्क-न्यूट्रल सोडून स्टार्टर फिरू न देणारा) त्याच कॉलमच्या बुडाशी असणार. इग्निशनवरनं स्टार्टर सोलेनॉइडला जाणारी वायर, जीएममध्ये जांभळी असते, ती त्या स्विचमधनं फिरून जाते. कॉलम बदलताना ती दोन टोकं नुसती जोडून टाकायचा मोह होईल, कारण गाडी सुरू होते. पण मग ड्राइव्हमध्ये पण सुरू होते आणि समोरच्या गॅरेजच्या दारातनं आत जाते. नव्या शिफ्टरवर स्विच घेऊन दोन्ही टोकं त्याला जोड, मागचा पांढरा रिव्हर्सचा लाइट पण त्यावरच. झालं की चाकांना लाकडाचे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, आणि सहाही पोझिशनला किल्ली मारून बघ. पार्क आणि न्यूट्रल सोडून कुठेही स्टार्टर फिरता कामा नये.

पद्मिनी_८३ (पुणे)
वाचून मजा आली. आमच्या पप्पांच्या फिॲटला पण स्टेअरिंगखालचाच गिअर, असं किट लावता येईल का हो?

स्पार्कप्लग_काका
नाही बाळा, हे ऑटोमॅटिकचं, एका शाफ्टला पुढे-मागे ढकलायचं. तुमचा मॅन्युअल, सिलेक्टरच वेगळा. शिवाय तिकडे २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मूळ गाडीत असे बदल आरटीओला चालत नाहीत, आणि ५० वर्षं झाल्यावर व्हिंटेजची नोंदणी घ्यायची असेल तर गाडी मूळ रूपात लागते. बुश बदल, लिंकेजला ग्रीस मार, मस्त चालेल.

खडखड_कूपे (मिशिगन)
काका 🙏 लॉकचं डोक्यातही आलं नव्हतं. मग कॉलम आधी बदलतो, किल्ली डॅशला. टिल्ट सोडवत नाही तेवढं बघतो मिळतंय का.

तेलकट_हात (ओहायो)
मिळतं, टिल्टवाला पण मिळतो. फक्त मागवताना जुन्या कॉलमची लांबी आणि खालच्या यू-जॉइंटचे स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) मोजून सांग, नाहीतर नवा कॉलम बसणारच नाही.