मदत हवी आहे: मैदानाच्या आरक्षणबदलावर हरकत कशी लिहायची?

नमस्कार मंडळी. भांडुपला आमच्या चाळीमागचा मोकळा भूखंड मुंबई महापालिकेच्या विकास आराखड्यात (डीपी २०३४) खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे. डीपी रिमार्क (भूखंडावर काय आरक्षण आहे ते सांगणारा पालिकेचा दाखला) काढून खात्री केलीय. आता ते आरक्षण बदलून निवासी वापर करायची सूचना निघाली आहे, एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायदा १९६६ च्या कलम ३७ खाली. हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो, आणि तो भराभर संपत चाललाय.

चाळीत एकमत नाही. काहींना वाटतं, घरं झाली तर बरंच. पण पोरं आत्ताच रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि तिथूनच बेस्टची बस वळते. घरं नकोत असं माझंही म्हणणं नाही, मैदानाला दुसरी जागा कुठे देणार ते आधी सांगा, एवढंच.

ज्यांनी अशी हरकत घेतली आहे त्यांनी सांगा: सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र चालतं की प्रत्येकाने वेगळं द्यावं? सुनावणीला कोणाकोणाला बोलावतात? सीटीएस नंबर (भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक), आराखड्याचा नकाशा आणि फोटो सोडून आणखी काय जोडावं? (आवक शिक्का मारलेली प्रत घ्यायची, हे माहीत आहे.) कोणाकडे मराठीतला नमुना असेल तर प्लीज टाका.