एआयनं काढलेला मोर मागावर उतरवायचा कसा? व्यापारी ऐकत नाही

वडगावचा_मागवाला
नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात आमचे चार माग आहेत, बाबा बघतात, मी दिवसभर नोकरीला आणि संध्याकाळी घरचा हिशेब असं चाललंय. गेल्या आठवड्यात आमचा नेहमीचा व्यापारी आला, मोबाईल काढला आणि एका साडीचा फोटो दाखवला. पदरावर हा एवढा मोठा मोर, पिसाऱ्यात निळा हिरवा जांभळा सोनेरी सगळं एकात एक मिसळलेलं, काठाला कोयऱ्या. म्हणाला हे एआयनं दोन मिनिटात काढून दिलं, तुम्ही पंधरा दिवसात विणून द्या, पन्नास साड्या पक्क्या. बाबा म्हणाले हे होत नाही. तो म्हणाला मशीन चित्र काढू शकतंय तर मशीन विणू का शकत नाही? बाबांना काही उत्तर सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर मलापण नाही. आमचा जकार्ड, म्हणजे मागावर बसवलेलं नक्षी उचलायचं यंत्र, जुना, भोकं पाडलेल्या कार्डांचा आहे. आता दोन गोष्टी सांगा की, एक म्हणजे हे खरंच होत नाही काय, आणि दुसरं म्हणजे ह्या एआयमुळं आमच्या धंद्याचं नेमकं काय होणार? बाबांना वाटतंय दोन वर्षात माग भंगारात घालावे लागतील.

खासबागचा_ग्राफवाला
भावा, बाबांचं बरोबर आहे आणि व्यापाऱ्याचा प्रश्नपण चुकीचा नाही. मी ग्राफ, म्हणजे विणायच्या नक्षीचा चौकोनाचौकोनांचा नकाशा, काढायचं काम करतो, आधी चौकोनी कागदावर रंग भरून, मग पियानो मशीनवर कार्डांना भोकं पाडून, आता कॉम्प्युटरवर, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून दे.

चित्र म्हणजे ग्राफ नव्हे. ग्राफवर प्रत्येक चौकोन एक तर भरलेला नाहीतर रिकामा, म्हणजे तो ताण्याचा (उभा) धागा त्या वेळी उचलायचा की नाही एवढंच. मधलं काही नाही. एआयच्या चित्रात सगळं मधलंच असतंय, निळ्यातून हिरव्यात जाताना शेकडो छटा, कडा धुरकट. ते तसंच सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की मोराच्या जागी ठिपक्यांचा चिखल येतो, मी करून बघितलंय.

आता हुकांचा, म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या आकड्यांचा, हिशेब बघ. समज तुझा जकार्ड २४० हुकांचा आहे आणि इंचाला ताण्याचे ८० धागे आहेत. म्हणजे तुझी नक्षी रुंदीला तीन इंचात बसली पाहिजे, चौथ्या इंचाला तीच परत सुरू. व्यापाऱ्याचा मोर वीस इंच रुंद असला तर १६०० हुक लागतील. उंचीलापण वीस इंच आणि इंचाला बाण्याचे (आडवे) ६० धागे धरले तर, धाग्याला एक कार्ड म्हणून, १२०० कार्डं. ती कार्डं टांगणार कुठं, छपराला? आणि रंगाचं वेगळंच. नक्षीत प्रत्येक वेगळ्या रंगाला वेगळा धोटा (आडवा धागा नेणारा), धोटे बदलायचा ड्रॉप बॉक्स असला तरी तीनचार रंगात जीव जातो. पाठीमागं धागे लांब सुटले तर पहिल्याच दिवशी बांगडीत अडकून साडी परत येणार, ते चित्रात दिसत नाही कारण चित्राला पाठच नसते.

हे सगळं एआयला माहीत नसतंय. त्यानं साड्यांचे लाखो फोटो बघितलेत, पण एकपण साडी विणलेली नाही.

मोठा इलेक्ट्रॉनिक जकार्ड असला तर कार्डं लागत नाहीत, सरळ फाईल जाते, हुकपण हजारांच्या वर असतात, तिथं तो मोर बऱ्यापैकी उतरेल. पण त्याची किंमत आणि पन्नास साड्यांची ऑर्डर यांचा मेळ तुझा तूच बसव.

टिळकवाडी_ब्लाऊजवाली
अगदी अगदी! माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या पोरी आता हेच करायल्यात. परवा एक आली, फोटोत मागचा गळा असा खोल, दोऱ्या कुठून निघाल्यात ते कळत नाही, पुढं हुक नाहीत, मागं हुक नाहीत, बाजूला चेन नाही. मी म्हटलं बाई हे घालायचं कसं ते आधी सांग, मग शिवते. फोटोतल्या बाईला घालावंच लागत नाही ना, ती त्यातच जन्मली.

पण एक सांगते, मी स्वतः वापरतेय हं. रंगाला. गिऱ्हाईक साडी घेऊन येतं, मी फोटो टाकून विचारते ह्याच्यावर कुठल्या कुठल्या रंगाचा ब्लाऊज दिसेल, पाचसहा दाखवतंय, त्यात एखादा असा असतो की माझ्या डोक्यात आलाच नसता. पूर्वी ह्याला अर्धा तास कपाटातलं कापड उलथंपालथं व्हायचं. मापं, काट, डार्ट ते मात्र माझं मीच. आणि कपडे खऱ्या मापांवर कॉम्प्युटरात शिवून बघायची क्लो थ्रीडीसारखी सॉफ्टवेअर्स वेगळी, त्यात आधी पॅटर्नचे तुकडे घालावे लागतात, ती चित्रं काढणाऱ्या एआयसारखी हवेतली नव्हेत. दोन्ही एकच समजून लोक गोंधळ करतात.

बेंगळुरातला_चिकोडीकर
मी गार्मेंट फॅक्टरीत कटिंगला आहे, इकडचं सांगतो. आमच्यात एआयनं डिझायनरला घालवलं वगैरे अजून काही नाही, बदल आहे तो न दिसणाऱ्या जागी. कापडावर पॅटर्नचे तुकडे कसे मांडायचे म्हणजे कमीत कमी चिंध्या जातील, त्याला आम्ही मार्कर म्हणतो, ते आता सॉफ्टवेअर रात्रभर हजारो प्रकारे मांडून बघतंय. शर्टाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच, त्यामुळं एकदोन टक्के वाचले तरी मालक खूश. दुसरं म्हणजे कापड तपासणी. आधी माणूस दिव्याखाली ताका सरकवत दोष शोधायचा, चार पॉइंटची पद्धत, दोष जेवढा लांब तेवढे जास्त पॉइंट, आता बऱ्याच ठिकाणी कॅमेरा बघतो. दुपारी जेवण झाल्यावर माणसाचे डोळे मिटतात, कॅमेऱ्याचे मिटत नाहीत, काय करणार. तपासणीवरची दोन माणसं आमच्याकडं पॅकिंगला गेली, काढली नाहीत, पण नवीन घेतली पण नाहीत.

आणि मॉडेल लोकांवर तर आलंच आहे. जीन्सवाल्या लिव्हाइसनं २०२३ मध्ये एआयच्या मॉडेल वापरून बघणार म्हणून सांगितलं तेव्हा केवढा दंगा झाला होता. आता आपल्या गल्लीतला साडीवालापण व्हॉट्सअ‍ॅपवर तसलेच फोटो टाकतो, साडी खरी, बाई खोटी.

निपाणीचा_पोरगा
सगळे चित्र विणता येत नाही म्हणून खूश आहात, पण सुरतेचं काय? तिथं विणायचंच नाही, छापायचंय. डिजिटल प्रिंटला हुक नाही कार्ड नाही, व्यापाऱ्याचा तोच मोर सगळ्या छटांसकट आठ दिवसात पॉलिस्टरवर छापून येईल आणि तुमच्या अर्ध्या दरात. मला वाटतंय मागवाल्याला खरी भीती तिथून आहे. एआय मागावर येत नाही, मागाला वळसा घालून जातो.

आणि चोरीचंपण बोला जरा. आमच्या बाजूला चपलांचं बघितलंत ना, कोल्हापुरीला २०१९ ला जीआय (ठरावीक भागातल्या मालाच्या नावाचा हक्क) मिळाला, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि इकडचे, कर्नाटकातले, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तरी २०२५ ला इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला नावपण घेतलं नव्हतं. तिथं निदान बोट दाखवायला एक कंपनी होती म्हणून ओरडता आलं. एआयनं इलकलचा पदर आणि आमचा काठ मिसळून काहीतरी काढलं तर ओरडायचं कुणावर?

खासबागचा_ग्राफवाला
निपाणीकर, सुरतेचं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त ते एआयच्या आधीपासूनच चालू आहे, आता वेग वाढलाय एवढंच. छापलेली साडी घेणारी आणि विणलेली घेणारी बाई एकच असली तरी प्रसंग वेगळा असतोय, कारण लग्नात ती पदर उलटा करून बघते.

मागवाल्या, तुझ्या बाबांना एक गोष्ट सांग. हा जकार्ड १८०४ चा, फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डचा. भोकं पाडलेली कार्डं. पुढं तीच कार्डं बघून इंग्लंडमधल्या बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रात कार्डं घालायचं ठरवलं. म्हणजे भोक आहे की नाही, उचल की उचलू नको, हे कॉम्प्युटरचं डोकं आधी मागावर होतं. नात्यानं बघितलं तर एआय आपल्याच घरातला नातू आहे, जरा उद्धट निघालाय.

आता उपाय. मोराचा नाद सोड. व्यापाऱ्याकडून तेच चित्र घे, त्यातली फक्त एक कोयरी उचल. अर्धी काढायची आणि आरशासारखी उलटवायची, हुकांना धाग्यांची तशी बांधणी असली तर २४० हुकात सहा इंचाची नक्षी बसते. रंग तीनच ठेव. एआयला सांगायचंच असेल तर असं सांग, तीन सपाट रंग, छटा नको, कडा स्पष्ट, डावी बाजू उजवीसारखी. तरी साठ टक्के काम हातानं दुरुस्त करावं लागतंय, पण कोरा कागद समोर घेऊन बसण्यापेक्षा बरं. रविवारी माझ्याकडं ये, दाखवतो. येताना जकार्डचे हुक मोजून ये आणि इंचाचे धागे पण, अंदाजे नको.

वडगावचा_मागवाला
धन्यवाद अण्णा, सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. नातवाचं ऐकून हसले, मग चष्मा लावून ते चित्र मोठं करून बघत बसले, आणि काठावरच्या कोयऱ्या मोजायला लागले. म्हणाले ह्यातल्या दोन पण सारख्या नाहीत रे, डावा काठ वेगळा उजवा वेगळा, हे लुगडं कुणी कधी विणलेलंच नाही. व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणतोय असू दे, तुम्हाला जमेल ती कोयरी घ्या पण रेट कमी करा. रेटाचं बाबा बघतील.

रविवारी अकराला येतो. हुक मोजले, २४० च आहेत. त्यातले सहा चालत नाहीत.