लॉट परत आला. तपासणीला माणसं वाढवू का?

शिरोलीची_लेक

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी कातयंत्रं), सात माणसं. आठ महिन्यांपूर्वी बाबांची बायपास झाली, तेव्हापासून मी बघतेय. माझं शिक्षण बी.कॉम. बँक, बिलं, जीएसटी सगळं येतं, पण मशीनवरचं अजून शिकतेच आहे.

मागच्या महिन्यात १,२०० पिनांचा लॉट गेला. मटेरियल ईएन-८ स्टील, व्यास २५ एच-७ (लहान h, चालणाऱ्या मापाची हद्द), म्हणजे २४.९७९ ते २५.००० मिमी. त्यातल्या १८४ पिना अंडरसाइज म्हणून परत आल्या. ओव्हरसाइज असत्या तर आणखी एक कट मारून देता आल्या असत्या, या सरळ भंगारात. ४२ रुपये दराने ७,७२८ रुपये गेले. ते सोसू. पण त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांनी फोनवर "तुमचे वडील होते तेव्हा असं होत नव्हतं" असं म्हटलं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

बाबा संध्याकाळी टेबलावर बसून प्रत्येक पिन स्वतः बघायचे. मला तेवढा वेळ नाही आणि तसा हातही नाही. दोन इन्स्पेक्टर ठेवायचे तर महिन्याला तीस हजार वाढतात. की मशीनच थकलंय? नियोजन, संघटन, नियंत्रण हे कॉलेजात पाठ केलं होतं, पण इथं त्यातलं आधी काय करायचं ते कळत नाहीये. आणखी एक. त्या मशीनवर जे मामा आहेत ते १९ वर्षं आमच्याकडे आहेत, मला त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. त्यांचं मन न दुखवता हे सगळं विचारायचं कसं?

फौंड्रीवाला_गोकुळ

ताई, दोन नको, एकच माणूस ठेवा आणि २५ एच-७चं स्नॅप गेज, म्हणजे पिनेवर बसवून बघायचं ठरावीक मापाचं साधन, करून घ्या. गो बाजू गेली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे, एवढंच बघायचं. नवशिक्या पोरालासुद्धा जमतं. सगळे नग तपासल्याशिवाय गाडीत काही चढवू नका. गेलेलं नाव परत आणायला आमच्याकडे दोन वर्षं लागली होती, म्हणून सांगतो.

जुना_क्यूसी

फौंड्रीवाल्यांचं गेजचं म्हणणं बरोबर आहे, पुढचा लॉट तसाच पाठवा. पण ताई, गेज आधीपासून असतं तरी त्या १८४ पिना भंगारच झाल्या असत्या, फक्त कस्टमरच्या दारात न होता तुमच्या शेडमध्ये. पिन कापली गेली तेव्हाच बिघडली. शेवटी तपासून ती चांगली होत नाही. तीस हजार खर्च करायच्या आधी मला तीन गोष्टी सांगा.

मामा कोणत्या मायक्रोमीटरने मोजतात? त्याच्या बाहीवर, मुख्य रेषेच्या वर, दहा बारीक आडव्या रेषा आहेत का?

जॉब (पिन) चकमधून, म्हणजे मशीनच्या पकडीतून, काढल्या काढल्या मोजतात की थंड झाल्यावर?

ऑफसेट (कापणाऱ्या टूलचं मशीनमध्ये भरलेलं माप) कधी बदलतात आणि एका वेळी कितीने?

मामांना "चूक कुठे झाली" असं विचारू नका. "मला शिकवा, तुम्ही कसं मोजता" असं म्हणा आणि अर्धा तास शेजारी उभ्या राहा.

शिरोलीची_लेक

काका, आज सकाळी उभी राहिले. मामांनी अगदी मनापासून दाखवलं. मायक्रोमीटरवर आडव्या रेषा नाहीत, ०.०१ मिमीचाच आहे. जॉब गरम असतानाच मोजतात, हाताला चांगला चटका बसतो. तासाला एक पिन बघतात. २५.०० आली की ऑफसेट ०.०१ने कमी करतात, २४.९८ आली की ०.०१ने वाढवतात. "मी मशीनला कधी सैल सोडत नाही" असं म्हणाले.

जुना_क्यूसी

मला वाटलं होतं तसंच निघालं.

तुमचं टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आहे २१ मायक्रॉन (०.०२१ मिमी) आणि मोजायचं साधन १० मायक्रॉनचं. म्हणजे सगळ्या पट्ट्यात मामांना धड दोनच घरं दिसतात. आमच्याकडे नियम होता, टॉलरन्सचा दहावा भाग तरी साधनाला वाचता आला पाहिजे. तुम्हाला ०.००१चा डिजिटल मायक्रोमीटर हवा. हा खर्च मात्र कराच.

दुसरं, उष्णता. स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीची पिन मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर जवळपास ६ मायक्रॉन मोठी दिसते. मामा ती मोठी समजून कमी करतात, आणि निवल्यावर ती खाली जाते. अंडरसाइज कुठून आलं त्याचं एक कारण हे.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं, पण ते मी सांगण्यापेक्षा तुम्ही डोळ्यांनी बघा. उद्या मामांना नेहमीसारखं काम करू द्या. दर तासाला ओळीने निघालेल्या पाच पिना घ्या, लोखंडी सरफेस प्लेटवर मायक्रोमीटरशेजारी वीस मिनिटं ठेवा म्हणजे दोन्हींचं तापमान एक होईल, मग मोजा. पाचांची सरासरी आणि सर्वांत मोठ्या-लहानातला फरक लिहा. परवा हेच, पण मामांना सांगा की आज ऑफसेटला हात लावायचा नाही. चुकीचे नग निघाले तर ते माझ्या नावावर, असं त्यांना आधी सांगून ठेवा. दोन्ही दिवसांचा माल बाजूला ठेवा आणि गेजमधून काढा.

शिरोलीची_लेक

काका, नवा मायक्रोमीटर शेजारच्या युनिटमधून दोन दिवस मागून आणला. २५.०००च्या किती मायक्रॉन खाली, ते लिहिते, सकाळी नऊपासून दर तासाची सरासरी.

पहिला दिवस (मामा नेहमीसारखे): ८, १७, ६, १८, ९, १९, ७, १६.
दुसरा दिवस (हात नाही लावला): १४, १३, १२, १२, ११, १०, ९, ८.

पाच पिनांतला फरक दोन्ही दिवशी सरासरी ५ मायक्रॉन. पहिल्या दिवशी काही पिना अंडरसाइज निघाल्या. दुसऱ्या दिवशी एकही नाही! मामा दिवसभर अस्वस्थ होते. चार वाजता गेजमधून शेवटचा ट्रे गेला तेव्हा स्वतः येऊन कागद बघितला त्यांनी.

जुना_क्यूसी

फार व्यवस्थित काम केलंत. आता ग्राफपेपर घ्या आणि या सरासऱ्या ओळीने मांडा.

पहिल्या दिवसाची एकूण सरासरी १२.५. पाच-पाचचे गट असले की सरासरी फरकाला ०.५७७ने गुणायचं, ५ गुणिले ०.५७७ म्हणजे साधारण २.९, तेवढं सरासरीच्या वर आणि खाली. म्हणजे मशीन एका जागी स्थिर असतं तर सगळ्या सरासऱ्या ९.६ ते १५.४ यांच्यामध्ये पडायला हव्या होत्या. तुमच्या आठच्या आठ बाहेर आहेत. आणि उड्या बघा, ९, ११, १२, ९, १०. ऑफसेट एका वेळी १०ने हलतो ना, तीच ही उडी. मशीन हलत नव्हतं, आपण हलवत होतो.

पाच पिनांतला ५चा फरक हा मशीनचा स्वतःचा श्वास आहे. ५ भागिले २.३२६ (हाही पाचच्या गटासाठी ठरलेला आकडा) केलं की प्रमाण विचलन २.१५ येतं, सहापट म्हणजे १३ मायक्रॉन, जवळपास सगळ्या पिना एवढ्यात येतात. २१च्या पट्ट्यात १३ आरामात मावतात. तुमचं मशीन अजिबात थकलेलं नाही, नव्याचा विचार काढून टाका. पण या १३मधली एकच पिन उचलून तिच्यावरून निर्णय घेतला तर ती कधी वरची निघणार, कधी खालची. दर वेळी तिच्यामागे धावलं की पसारा वाढतच जातो.

दुसऱ्या दिवशी जे हळूहळू २५.०००कडे वर येतंय, १४पासून ८पर्यंत, ती इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाची, झीज. टोक झिजतं तसा व्यास वाढतो. ही खरी हालचाल आहे आणि हिलाच उत्तर द्यायचं. आता नियोजन इथं येतं. पाच थंड पिनांची सरासरी ७वर आली की ऑफसेट ०.००६ने कमी करायचा, त्याआधी नाही. इन्सर्टची एक कड किती नगांनी बदलायची ते दोन आठवड्यांच्या कागदांवरून ठरवा आणि तो आकडा मशीनवर चिकटवा. मग महिन्याला किती इन्सर्ट लागतील, लॉट कोणत्या दिवशी निघेल, हे तुम्हाला ऑफिसात बसून सांगता येईल.

ही माझी अक्कल नाही. असा चार्ट वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली अमेरिकेत टेलिफोनच्या कारखान्यासाठी काढला. त्यांचाच विचार अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी १९५०मध्ये जपानात शिकवला. आणि जपानच्या आधी, १९४७-४८मध्ये, आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून शूहार्ट स्वतः भारतात येऊन फिरून गेले होते. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. मी १९८६ला कामाला लागलो, आणि हा कागद माझ्या हातात पडायला १९९३ उजाडलं. सात वर्षं मीसुद्धा शेवटच्या टेबलावर बसून चांगलं-वाईट वेगळं करत होतो.

मामांबद्दल एवढंच. १९ वर्षं त्यांना जे साधन दिलं त्याने त्यांनी प्रामाणिकपणे मोजलं. तो कागद त्यांच्याच हाताने भरून घ्या, तुम्ही भरू नका.

हिशेबनीस_सांगली

शिरोलीची_लेक, एक हिशेबाचं सांगतो. ७,७२८ हा आकडा अपुरा आहे. भाडं दोनदा गेलं, गेलेल्या मशीनतासांत दुसरा माल झाला असता, कस्टमरने बिल किती दिवस अडवलं त्याचं व्याज. हे सगळं वेगळ्या खात्यात टाका, "रिजेक्शन" नावाने, दर महिन्याला. नाहीतर भंगाराच्या विक्रीत मिसळून जातं आणि दिसतच नाही.

शिरोलीची_लेक

खातं आजच उघडलं. मायक्रोमीटरची ऑर्डर दिली, सोबत २५ मिमीचा सेटिंग मास्टरही (मायक्रोमीटर जुळवून बघायचा नेमक्या मापाचा तुकडा).

काका, कालपासून मामा कागद भरतात. बाबांनी घरी मागवून घेतला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि मला विचारलं, "दोन नंबरच्या मशीनचा कुठाय?" तर तोही सुरू केला. त्यावर सकाळची पहिली सरासरी रोज १९-२० येते आणि दहानंतर १३च्या आसपास थांबते. हीसुद्धा झीज का?

जुना_क्यूसी

नाही. झीज दिवसभर चालते, दहाला थांबत नाही. ते मशीन रात्रभर गार पडलेलं असतं. स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि स्क्रू तापेपर्यंत माप सरकतं. उद्या पहिला जॉब लावायच्या आधी अर्धा तास रिकामा प्रोग्राम फिरवा, दोन्ही ॲक्सिस हलल्या पाहिजेत, नुसता स्पिंडल नको. मग नऊची सरासरी इथे टाका.