हिज्कीयाची 15 वर्षं: ख्रिस्ती देव काळाच्या आत की बाहेर?

तर्कट

बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, 20व्या अध्यायात एक प्रसंग आहे. यहूदाचा राजा हिज्कीया मरणपंथाला लागलाय. यशया संदेष्टा येऊन सांगतो, घराची निरवानिरव कर, तू यातून उठत नाहीस. राजा भिंतीकडे तोंड फिरवून ढसाढसा रडतो, प्रार्थना करतो. यशया अजून मधल्या चौकाबाहेरही पडलेला नसतो, तोच देव त्याला माघारी पाठवतो: जा, सांग त्याला, तुझी प्रार्थना ऐकली, आसवं पाहिली, आणखी 15 वर्षं दिली.

आता चर्चच्या थोरामोठ्यांची शतकानुशतकांची शिकवण अशी की देव काळाच्या बाहेर आहे, त्याला आधी-नंतर काही नाही. मग त्या चौकात झालं काय? आधी एक निरोप, मग त्याच्या उलटा दुसरा!

माझं म्हणणं सरळ आहे. बायबलमधला देव काळातच वावरतो. ऐकतो, कळवळतो, ठरवलेलं फिरवतो. कालातीत देव हा ग्रीकांकडून उसना आणलाय. काळ म्हणजे शाश्वताची हलती प्रतिमा, हे प्लेटोचं. ते प्लेटोच्या परंपरेतल्या प्लॉटिनस या तत्त्वज्ञामार्गे आत शिरलं आणि 524च्या सुमारास बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने देहदंडाची वाट बघत कैदेत बसून त्याची व्याख्या केली: अमर्याद जीवन सगळंच्या सगळं एकदम हाती असणं, म्हणजे शाश्वतता. व्याख्या देखणी आहे, वादच नाही. पण असा देव हिज्कीयाचं ऐकणार कधी?

वसईकर

तर्कटराव, ग्रीकांकडून आलं म्हणून चूक, हा कुठला न्याय? भूमितीही त्यांचीच.

400च्या आसपास संत ऑगस्टिनने हाच प्रश्न हाताळलाय. ‘आकाश आणि पृथ्वी घडवण्याआधी देव काय करत होता?’ यावर कुणीतरी दिलेलं चेष्टेचं उत्तर तो नोंदवतो: असल्या चांभारचौकश्या करणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता! मी असं उत्तर देणार नाही, असंही लगेच म्हणतो. त्याचं उत्तर असं की काळ हीसुद्धा निर्मितीच, त्यामुळे निर्मितीच्या ‘आधी’ असं काही नव्हतंच. याला प्लेटो लागत नाही. सगळं देवाने केलं हे मानलं की पुरे.

आणि तुमचा हिज्कीया थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने 13व्या शतकातच विचारात घेतलाय. इच्छा बदलणं वेगळं आणि काहीतरी बदलावं अशी इच्छा असणं वेगळं, असं तो म्हणतो. दुखणं मरणाचंच होतं, त्या हिशेबाने पहिला निरोप खरा. राजा वाचणार हे देवाच्या इच्छेत अनादिकाळापासून होतं. बदललं ते राजाचं दुखणं, देव नाही.

तर्कट

म्हणजे 15 वर्षं आधीच मंजूर होती आणि राजा उगाच रडला?

वसईकर

उगाच कसा? तो रडेल आणि त्यामुळे वाचेल, हे सगळं मिळून एकच इच्छा. त्या प्रार्थनेशिवाय ती 15 वर्षं नाहीत. पुढचंही वाचा की. खूण म्हणून हिज्कीयाचा बाप आहाज याच्या पायऱ्यांवरची, वेळ दाखवणारी सावली 10 पायऱ्या मागे जाते. जो काळाची सावली मागे ढकलतो तो काळाच्या ताब्यात कसा?

मधल्या आळीचा

सावली मागे गेली ती पायऱ्यांवर. काळ मागे गेला असं तिथे कुठे लिहिलंय?

आणि ‘सगळं एकदम’ म्हटलं की काय होतं ते अँथनी केनी या तत्त्वज्ञाने 1969 मध्ये दाखवलंय. तो म्हणतो: माझं आत्ताचं टायपिंग देवाच्या सगळ्या शाश्वततेशी समकालीन. इ.स. 64ची रोमची आगही समकालीन. म्हणजे मी हे लिहितोय आणि तिकडे नीरो खुशाल वाजवतोय!

वसईकर

याला स्टम्प आणि क्रेट्झमन या तत्त्वज्ञांनी 1981 मध्ये उत्तर दिलंय. शाश्वत आणि कालबद्ध यांच्यातली समकालीनता वेगळ्या जातीची. दोन घटना देवाशी समकालीन असल्या म्हणून एकमेकींशी होत नाहीत.

मधल्या आळीचा

अडचणीला भारदस्त नाव दिलं की ती सुटते, हे मला माहीत नव्हतं.

निवांत वाचक

मी नास्तिक, त्यामुळे दोन्हीकडून फुकट करमणूक. पण एक मुद्दा राहिला. आर्थर प्रायर हा तर्कशास्त्रज्ञ मँचेस्टरमध्ये शिकवत होता. 1962 मध्ये त्याने विचारलं, कालातीत देवाला मँचेस्टरच्या 1960च्या अंतिम परीक्षा ‘आता संपल्या’ हे कळतं का? कुठली परीक्षा कुठल्या तारखेला, हे तो जाणेल. पण ‘सुटलो एकदाचे’ हे कळायला ‘आता’ हवा, आणि तो त्याच्याकडे नाही. म्हणजे सर्वज्ञ देवाला किती वाजले ते माहीत नाही. :)

वसईकर

अक्वायनसचीच उपमा देतो. रस्त्याने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावरून बघणाऱ्याला अख्खा रस्ता एकदम दिसतो. त्याला तुमचा ‘आता’ही दिसतो, फक्त तो त्यात अडकत नाही.

तर्कट

पण ख्रिस्ती श्रद्धेत तो वर थांबलाच कुठे? खाली आला, हाच तर तुमचा सगळा दावा. तुमच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, एका रोमन सुभेदाराचं नाव आहे, पंतय पिलात. क्रूसाला तारीख आहे, देवाला नाही, हे कसं जमवायचं?

वसईकर

451च्या खाल्सिदोनच्या धर्मसभेने जमवलंय: व्यक्ती एक, स्वभाव दोन, मिसळ नाही, फारकत नाही. जन्म आणि मरण मानवी स्वभावाने, शाश्वतता दैवी.

पैलतीर

विल्यम लेन क्रेग या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचा मधला मार्ग कुणी काढला नाही? निर्मितीविना देव कालातीत, निर्मिती झाल्यापासून काळात.

मधल्या आळीचा

‘झाल्यापासून’ म्हटलं की त्याच्या आधीचंही काहीतरी आलंच. दोन्ही डगरींवर पाय. पुढचा प्रतिसाद?

वसईकर

तर्कटराव, देव ठरवलेलं फिरवतो म्हणता ना? शमुवेलाचं पहिलं पुस्तक काढा, अध्याय 15, वचन 29. शौल राजाला शमुवेल संदेष्टा स्वच्छ सांगतो, देव पस्तावत नाही, पस्तावायला तो काही मनुष्य नव्हे.

तर्कट

काढलं. वचन 11: शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होतो, असं देव स्वतः म्हणतो. आणि वचन 35, अध्यायाचं शेवटचं: परमेश्वर पस्तावला. दोनास एक.

वसईकर

मतमोजणी नाही ही. शास्त्रात देवाला हात आहेत, डोळे आहेत, नाकपुड्यासुद्धा आहेत. ते सगळं तुम्ही अक्षरशः घेता का? पस्तावाही तसाच, माणसांना समजावं म्हणून माणसांच्या भाषेत.

तर्कट

हात म्हणजे सामर्थ्य, डोळे म्हणजे जाणणं, इथपर्यंत मान्य. पस्तावा म्हणजे काय, ते ‘आधी’ आणि ‘नंतर’ न वापरता सांगा.