रिटार्डर घातलेले चित्र वीस दिवसांनीही चिकटच

प्रश्न (चित्रवेडी, नागपूर):
मे महिन्यात मोठ्या कॅनव्हासवर संध्याकाळचे आभाळ रंगवताना गुलाबी रंग जांभळ्यात मिसळण्याआधीच कुंचल्याखाली वाळून जात होता, म्हणून मी ॲक्रिलिक रंगात जवळजवळ निम्मे रिटार्डर (रंग सावकाश वाळावा म्हणून मिसळायचा द्रव) घातले. रंग सुरेख मिसळले, परंतु आज वीस दिवस झाले तरी चित्र बोटाला चिकटते आणि वर झाकलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे आभाळावर उमटली आहेत. दुसऱ्या चित्रात नुसते पाणी घालून रंग अगदी पातळ केला, तर वरचा हात देताना खालचा रंग सुटून आला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (जुना कुंचला):
ताई, दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. ॲक्रिलिक रंगात रंगद्रव्याचे कण ॲक्रिलिक रेझिनच्या (रंगाला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) पाण्यातील मिश्रणात धरलेले असतात. पाणी उडून गेले की रेझिनचे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. मीडियम म्हणजे रंगद्रव्याशिवायचे हेच मिश्रण असल्यामुळे ते कितीही घातले तरी पापुद्रा कमकुवत होत नाही, रंग फक्त पारदर्शक होत जातो. रिटार्डरमध्ये मात्र हे रेझिन नसते. त्यात सहसा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा सावकाश उडणारा द्रव असतो, आणि तो प्रमाणाबाहेर गेला की पापुद्र्यात अडकून त्याला मऊ ठेवतो. साधारणपणे 10 ते 15 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, आणि बाटलीवर याहून कमी मर्यादा छापली असेल तर तीच पाळावी. पाण्यातही रेझिन नसल्यामुळे ते फार झाले की रंगाला धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून पातळ, पारदर्शक थर द्यायचा असेल तेव्हा रंगात ग्लॉस मीडियम मिसळावे. ओले असताना ते दुधाळ दिसते आणि वाळल्यावर काचेसारखे स्वच्छ होते, त्यामुळे वाळलेला रंग थोडा गडद वाटतो; हा फरक आधी कागदाच्या तुकड्यावर पाहून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर (किनाऱ्यावरची, रत्नागिरी):
आमच्याकडे पावसाळ्यात रंग मुळातच उशिरा वाळतो, त्यामुळे मला रिटार्डर फारसे लागत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र पंखा आणि कूलर यांचा झोत चित्रावर येऊ देऊ नका, पॅलेटवर ओल्या स्पंजवर बटर पेपर अंथरून त्यावर रंग काढा आणि आभाळ एकदम न रंगवता पट्ट्यापट्ट्यांनी पुढे न्या.

चित्रवेडी:
मनापासून आभार. आता हे चिकट चित्र वाचवता येईल का?

जुना कुंचला:
बहुधा येईल. ते कशानेही न झाकता, धूळ बसणार नाही अशा हवेशीर व उबदार खोलीत काही आठवडे उभे ठेवा, म्हणजे अडकलेला द्रव हळूहळू बाहेर पडेल. चिकटपणा पूर्ण गेल्यावर उमटलेल्या अक्षरांवर पुन्हा रंगाचा हात द्या. तोपर्यंत वार्निश लावू नका, कारण त्याखाली तो द्रव कोंडून राहील.